काळ्याचा काळाच ठेवला, राखाडी नाही केला

नवी पेठेत फोटो प्रिंट आणि फ्रेम करून घ्यायची असेल तर ह्याच दुकानात जावा.

मला मूकपटाच्या काळातली नटी लुईस ब्रूक्सचा 1928 चा फोटो मोठा करून हवा होता, युजीन रिचीनं काढलेला. काळ्या पडद्यापुढं काळा ड्रेस, काळा बॉबकट, म्हणजे उजेडात काय तर चेहरा, हात आणि मोत्यांची लांबलचक माळ, बास. आधी दुसऱ्या एका दुकानात दिलेला, त्यांनी सगळा काळा राखाडी केला आणि वर न विचारता ओठ गुलाबी केले. लई वाईट वाटलं.

इथल्या काकांनी आधी विचारलं, "कोण ओ ही?" मग मी सांगत बसलो, की ही मूळची डान्सर, कॅन्ससची, हॉलिवूडच्या पॅरामाउंट स्टुडिओत स्टार झाली, 1928 ला स्टुडिओनं पगारवाढ नाकारली तर सरळ नोकरी सोडून बर्लिनला गेली, तिथं पाब्स्ट नावाच्या दिग्दर्शकानं तिला घेऊन दोन मूकपट केले, तेवढ्यात अमेरिकेत बोलपट आले, स्टुडिओनं तिच्या जुन्या सिनेमाला आवाज द्यायला बोलावलं तर ही नाहीच म्हणाली, शेवटी दुसऱ्या नटीचा आवाज लावला. त्यानंतर मोठं काम असं मिळालंच नाही. 1938 ला शेवटचा सिनेमा, पुढं न्यूयॉर्कच्या दुकानात सेल्सगर्ल. पाब्स्टचे ते सिनेमे लोकांनी परत डोक्यावर घेतले ते 1950 नंतर, आणि ही बाई म्हातारपणी सिनेमावर इतकं धारदार लिहायला लागली की बास.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. ते आधी एमआयडीसीत कापड रंगवायच्या कामाला होते, त्यामुळं काळ्यातला फरक त्यांना बरोबर कळतो. मॅट पेपरवर तीन छोटे टेस्ट प्रिंट काढले आणि ट्यूबलाइटखाली नाही, दारात उन्हाच्या उजेडात धरून दाखवले. केस कुठं संपतात आणि मागचा अंधार कुठं सुरू होतो ते जेमतेम कळतंय, म्हणाले, हे जेमतेमच राहू दे, उजळ करायचं नाही. मोती मात्र एक न् एक सुटा दिसतोय.

12 बाय 18 इंचाचा प्रिंट, भोवती पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट, फ्रेमला काळी बारीक पट्टी, सगळं मिळून 1,250 रुपये झाले. दोन दिवस उशीर झाला पण फोन करून सांगितलं. साधी काच घेऊ नका, असल्या काळ्या फोटोत आपलंच तोंड दिसतं, मॅट काच मागून घ्या.