ट्रॅक्शन कंट्रोल बंद, एबीएस चालू: माळव्याच्या काळ्या मातीतला वापरानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी घसरून फिरू न देणारी यंत्रणा) बंद करायचं बटण मी भरपूर वापरतो आणि एबीएसचा (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फ्यूज जागेवरच असू देतो. "ऑफ-रोडला निघालास ना? मग दोन्ही बंद कर" असा जो सरसकट सल्ला मिळतो, तो मला तरी पटलेला नाही.

गाडी डिझेल, मॅन्युअल, लॅडर फ्रेमवाली (शिडीसारख्या लोखंडी चौकटीवर बसवलेली). टू-हाय (दोन चाकांना ताकद), फोर-हाय (चारही चाकांना), फोर-लोसाठी (चारही चाकांना, वेग कमी पण जोर जास्त) वेगळा लिव्हर आहे. पुढचं-मागचं डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच) साधंच, दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉकर नाही. टायर ऑल-टेरेन घातलेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा विषय आजच्या जवळपास सगळ्याच फोर-बाय-फोर गाड्यांना लागू आहे आणि नाव आलं की चर्चा भलतीकडेच जाते. मी राहतो इंदूरला, सुदामा नगरात. आठवडाभर गाडी ऑफिसला जाते, भाजी आणते. सुट्टीला चोरल, जानापाव, जाम गेटच्या आसपासचे शेतरस्ते, कधी पार खाली निमाडात नर्मदेकाठी. गेला पावसाळा, हिवाळा आणि हा उन्हाळा, तिन्ही ऋतू झाले.

आता काळी माती. उन्हाळ्यात हिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाऊस लागला की तीच फुगून चिकट होते. चोरलकडच्या एका शेतरस्त्यावर जुलैत खाली उतरून चाक बघितलं, तर टायरच्या खाचा दिसतच नव्हत्या. मातीत गवताच्या काड्या मळून चाकाचा पुरणाचा गोळा झाला होता. अशा वेळी महागाचा टायर आणि गुळगुळीत टायर यात काही फरक उरत नाही. ती माती खाचांतून बाहेर फेकायची तर चाक जोरात फिरलंच पाहिजे, आणि ट्रॅक्शन कंट्रोल नेमकं तेच होऊ देत नाही. चाक घसरतंय असं सेन्सरला कळलं की ते आधी इंजिनची ताकद कापतं. तुम्ही अॅक्सिलरेटर दाबताय, इंजिन मात्र मिणमिणतंय, डॅशवर पिवळा दिवा लुकलुकतोय आणि गाडी हळूहळू बसत चालली आहे. डांबरावर हेच वागणं जीव वाचवतं. चिखलात गाडी रुतवतं.

बटण दाबल्यावर फरक लगेच कळतो. सेकंड गिअर, फोर-लो, पाय एकसारखा. मडगार्डखाली मातीची ढेकळं धडाधड आपटायला लागतात आणि गाडी वाकडीतिकडी का होईना, पुढे सरकते. मात्र चाकं फिरतायत आणि गाडी जागची हलत नाहीये असं दिसलं की पाय काढायचा. नाहीतर डिफरेन्शियल जमिनीला टेकतं, आणि मग फावडं किंवा ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाले काका पैसे घेत नाहीत, पण "एवढी मोठी गाडी आणि अडकली कशी?" हे विचारल्याशिवाय दोरही बांधत नाहीत.

रेतीत कारण वेगळं, बटण तेच. रेतीत सगळा खेळ चालत्या गाडीच्या जोरावर. मध्येच इंजिनची ताकद कापली गेली की गाडी थांबते, आणि थांबली की बुडते. महेश्वरच्या बाजूला मी आधी टायरची हवा 18 पीएसआयच्या आसपास आणतो, मग बटण. खरं तर हवा कमी करण्याने बटणापेक्षा जास्त फरक पडतो, पण कॉम्प्रेसर काढून परत हवा भरायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो.

खडकाळ चढावर मात्र मी ट्रॅक्शन कंट्रोल चालूच ठेवतो. जानापावच्या बाजूच्या दगडी वाटांवर एक पुढचं आणि तिरपं मागचं चाक एकाच वेळी हवेत जातं. साध्या डिफरेन्शियलमध्ये अशा वेळी ताकद वाया जाते: हवेतलं चाक गरगर फिरतं, जमिनीवरचं तसंच उभं. इथे इलेक्ट्रॉनिक्स फिरत्या चाकाला ब्रेक लावतं, म्हणून ताकद पलीकडच्या चाकाला मिळते. गाडी करकर आवाज करते, खालून कोणी लोखंड घासतंय असं वाटतं, आणि नवखा माणूस घाबरून पाय काढतो. पाय काढायचा नाही. एक-दोन क्षण पाय तसाच धरला की गाडी वर चढते. फार वेळ हेच करत राहिलं तर ब्रेक तापतात आणि सिस्टीम स्वतःच काम थांबवते. मग चहा प्यायचा.

माझ्या गाडीत बटण एकदा दाबलं तर इंजिनची ताकद कापणं बंद होतं, पण हे ब्रेकचं काम चालू राहतं. जास्त वेळ दाबून धरलं तर गाडी घसरून फिरू न देणारं स्टॅबिलिटी कंट्रोलही जातं. प्रत्येक गाडीत हे वेगळं असतं, त्यामुळे मॅन्युअलमधलं ते पान वाचाच. आणखी एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही: इग्निशन बंद केलं की सगळं परत चालू होतं. चिखलात गाडी बंद पडली, तुम्ही घाईत स्टार्ट केली, तर ट्रॅक्शन कंट्रोल परत येऊन बसलेलं असतं. आता माझा हात चावी फिरवल्यावर आपोआप बटणाकडे जातो.

आता एबीएस. याला बटण नाही. देवास नाक्याकडच्या एका मेकॅनिकने मला सरळ सांगितलं, "भिया, फ्यूज खींच दो, खतम." त्यामागचं कारण अगदीच चुकीचं नाही. सुट्या मुरमावर किंवा रेतीवर चाक लॉक झालं तर त्याच्यापुढे मातीचा ढीग साचतो आणि तोच गाडीला अडवतो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, म्हणून तो ढीग साचत नाही आणि गाडी थोडी लांब जाऊन थांबते. मोकळ्या शेतरस्त्यावर मी फ्यूज काढून हे करून बघितलं. सरळ रेषेत गाडी खरंच लवकर थांबली.

पण तेवढ्यातच स्टिअरिंग फिरवून बघितलं. पुढची चाकं लॉक असताना स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. मध्ये म्हैस आली तर लवकर थांबणं हवं की वळता येणं हवं? मला वळता येणं हवं. शिवाय फ्यूज एकट्या एबीएसला नेत नाही. त्याच मॉड्यूलवर पुढच्या-मागच्या ब्रेकचं वाटप करणारं ईबीडी आहे, स्टॅबिलिटी कंट्रोल आहे, चढावर गाडी मागे सरकू न देणारं हिल होल्ड आणि उतारावर आपोआप ब्रेक लावणारं हिल डिसेंटही आहेत. ईबीडी गेलं की रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात, आणि मागची चाकं आधी घसरली की गाडी फिरते. त्यात घरी परतायचं ते सिमरोलच्या घाटातून, ट्रकांच्या मधून. आपल्याकडे कारच्या नव्या मॉडेलना एप्रिल 2018 पासून आणि सगळ्याच नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचं झालं. ते काढून अपघात झालाच तर इन्शुरन्सवाल्यापुढे काय बोलणार?

सुट्या दगडांच्या तीव्र उतारावर एबीएसचा त्रास होतो, हे मान्य. पेडल थरथरतं आणि गाडी सरकतच राहते. तिथे उपाय फ्यूज नाही, गिअर आहे. फोर-लो, फर्स्ट गिअर, क्लचवरून पाय पूर्ण काढलेला, ब्रेकला अगदी हलका स्पर्श. जाम गेटखालच्या कच्च्या उतारावर माझी गाडी अशी माणसाच्या चालीने उतरते आणि ब्रेकची गरज क्वचितच पडते.

किरकोळ कटकट एक आहे. पावसाळ्यात चाकाजवळच्या सेन्सरवर काळी माती बसून वाळली की डॅशवर एबीएसचा दिवा लागतो. सर्व्हिस सेंटरने थेट सेन्सर बदलायचं बिल पुढे केलं होतं. घरी आणून पाईपच्या साध्या धारेने आतून धुतलं, थोडं चालवलं, दिवा गेला.

पुढचा खर्च मागच्या डिफरेन्शियलला लॉकर बसवण्यावर करायचा विचार आहे. घरी अजून सांगितलेलं नाही.