फिरता करार की खात्याची नोकरी? मराठवाड्यातल्या गोलकीपरपुढचे दोन रस्ते

विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून पश्चिम विभाग स्पर्धा खेळून आलेला वीस-एकवीस वर्षांचा गोलकीपर. नांदेडचा असो, परभणीचा, लातूरचा की संभाजीनगरचा, त्याच्यापुढे साधारण दोन रस्ते असतात. पहिला रस्ता क्लबांच्या करारांचा. एक हंगाम मुंबईत, पुढचा कोलकात्यात, त्यापुढचा पंजाबात नाहीतर मिझोराममध्ये. दुसरा रस्ता क्रीडा कोट्याचा. रेल्वे, पोलीस, सैन्यदल असं एखादं खातं धरायचं आणि त्यांच्या संघाकडून खेळायचं. घरचे म्हणतात नोकरी बघ, मैदानावरचे म्हणतात क्लब बघ. दोघंही कीपरला आणि स्ट्रायकरला एकाच मापानं मोजतात, आणि तिथंच हिशेब चुकतो. म्हणून इथं फक्त कीपरचा हिशेब मांडतो.

क्लबचं नाव नंतर, आधी सामने

स्ट्रायकरला शेवटची वीस मिनिटं मिळतात, त्यात एक गोल झाला तर पुढच्या रविवारी तो पहिल्या अकरात असतो. कीपरला अशी वीस मिनिटं कुणी देत नाही. पाच बदली खेळाडू उतरवायची सोय आता आहे, पण कीपर बदलतो तो दुखापत झाली किंवा लाल कार्ड मिळालं तरच. संघात कीपर तीन असतात, कधी चार, आणि खेळतो एक. दुसऱ्या नंबरचा कीपर अख्खा हंगाम रोज सरावाला येऊन एकही सामना न खेळता घरी जाऊ शकतो.

इंग्लंडचा स्कॉट कार्सन २०१९ ते २०२५ मँचेस्टर सिटीत होता. संघानं त्या काळात जवळजवळ सगळे मोठे चषक जिंकले. कार्सन प्रत्यक्ष खेळला फक्त दोन सामने. त्याला ते परवडलं, कारण तिथं पोचण्याआधी तो शेकडो सामने आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची जर्सी घालून आला होता. एकवीस वर्षांच्या पोरानं तसं बसणं म्हणजे शिकायची वर्षं हातानं घालवणं. क्रॉसला बाहेर यायचं की रेषेवर थांबायचं, फ्री-किकला भिंत किती जणांची लावायची, आपला स्टॉपर (मधला बचावपटू) दमलाय हे कधी ओळखायचं, या गोष्टी सरावात दाखवता येतात, पण अंगात मुरतात त्या सामन्यातच.

त्यामुळे पहिली तुलना क्लब आणि नोकरीची नसून, एक नंबर आणि तीन नंबर यांची आहे. माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या क्लबात तिसरा कीपर होण्यापेक्षा आय-लीग २ (देशाची खालच्या पायरीवरची लीग) मधल्या किंवा राज्याच्या लीगमधल्या साध्या क्लबात पहिला कीपर हो. हॉटेल साधं असेल, किट उशिरा येईल, पण वर्षाअखेरी तुझ्या नावावर सामने असतील, आणि पुढच्या प्रशिक्षकाला दाखवायला त्यांची व्हिडिओ क्लिप असेल.

खात्याच्या संघातही हेच विचारायचं. आंतर-रेल्वे स्पर्धा, शहराची लीग, निमंत्रित स्पर्धा असे सामने तिथं मिळतात, मात्र दोन स्पर्धांच्या मध्ये मोठी पोकळी असते आणि सगळ्या सामन्यांचा दर्जा सारखा नसतो. शिवाय खात्यात चांगला कीपर सहजासहजी जागा सोडत नाही. त्याची नोकरी पक्की असते, घर तिथंच असतं, तो पस्तिशीपर्यंत खेळतो. ट्रायलला जाण्याआधी त्या संघाचा सध्याचा कीपर किती वर्षांचा आहे, हे शोधून काढ. या एका माहितीवर तुझी पाच-सात वर्षं ठरू शकतात.

वयाचं कोडं

कीपर उशिरा पिकतो. इटलीच्या दिनो झॉफनं १९८२ चा विश्वचषक चाळिसाव्या वर्षी, कर्णधार म्हणून जिंकला. इजिप्तचा एसाम अल-हदारी २०१८ च्या विश्वचषकात पंचेचाळिसाव्या वर्षी उतरला आणि त्यानं पेनल्टी अडवली. ही टोकाची उदाहरणं झाली, पण साधा कीपरही सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी जेवढा शांत आणि अचूक असतो तेवढा बाविसाव्या वर्षी नसतो.

आणि रेल्वेच्या क्रीडा कोट्याच्या जाहिरातीत वयोमर्यादा असते १८ ते २५.

खरी अडचण इथं आहे. स्ट्रायकरला चोविसाव्या वर्षी आपली झेप कळलेली असते. कीपरला त्या वयात ती कळलेली नसते, आणि नोकरीचं दार मात्र तेव्हाच बंद होत आलेलं असतं. "अजून दोन वर्षं क्लबमध्ये बघतो, मग नोकरीचं बघू" हे वाक्य स्ट्रायकरच्या तोंडी ठीक आहे. कीपरच्या तोंडी ते फार महाग पडतं.

त्या जाहिरातीतली गुणांची विभागणी घरच्यांनीही वाचावी. एकूण १०० गुण: क्रीडा कामगिरीचे ५०, ट्रायलमधल्या खेळाचे ४० आणि शिक्षणाचे १०. म्हणजे निम्मा निकाल ट्रायलच्या मैदानात पाय ठेवण्याआधीच कागदावर लागलेला असतो. कामगिरीचे हे गुण मान्यताप्राप्त स्पर्धांवर मिळतात. बड्या क्लबात बेंचवर काढलेला हंगाम तिथं मोजला जात नाही. संतोष ट्रॉफीत महाराष्ट्राकडून खेळलास तर त्याचं वजन पडतं. त्यासाठी जिल्ह्याच्या संघातून विफाच्या, म्हणजे राज्याच्या फुटबॉल संघटनेच्या, आंतरजिल्हा स्पर्धेत दिसावं लागतं. मराठवाड्यातली मुलं इथं कमी पडतात ती खेळात नव्हे, हजेरीत. स्पर्धा मुंबई-पुणे-कोल्हापूरकडे, प्रवास लांब, परीक्षा मध्ये येते, आणि नाव मागे राहतं. फिरता क्लब निवडलास तरी जिल्ह्याचा आणि राज्याचा संघ सोडू नकोस. करार करतानाच क्लबला ते सांगून ठेव.

पैसा आणि भरवसा

क्लबचा करार बहुतेक वेळा एका हंगामाचा असतो. लीग संपली की पगार थांबतो, आणि उन्हाळा आपल्या खिशातून काढावा लागतो. चांगल्या कीपरला महिन्याचा आकडा नोकरीपेक्षा मोठा मिळू शकतो, पण हंगामाची एकूण रक्कम वर्षाच्या बारा महिन्यांनी भागून बघायची.

क्लब टिकण्याची खात्री नाही, हे आपल्या राज्यानं जेवढं पाहिलं तेवढं क्वचितच कुणी पाहिलं असेल. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. भारत एफसी एकच हंगाम खेळला, २०१४-१५ चा. त्याच हंगामानंतर पुणे एफसी आय-लीगमध्ये दिसला नाही. डीएसके शिवाजियन्स दोन हंगामांनी, २०१७ मध्ये थांबला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला आणि त्याची जागा हैदराबादनं घेतली. नांदेडच्या पोराला हैदराबाद मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, म्हणून आपल्याकडे आनंद झाला होता. २०२५ मध्ये तो संघही दिल्लीला गेला. त्याच वर्षी जुलैत, भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातल्या कराराचा तिढा न सुटल्यानं इंडियन सुपर लीगच थांबली. सप्टेंबर उलटला तरी सामने सुरू झाले नाहीत, आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगची ही गत, तर खालच्या करारांत काय धरून चालायचं ते ओळखावं.

अशा वेळी कामाला येतो तो लेखी करार. फिफाच्या नियमानुसार दोन महिन्यांचा पगार थकला, तर क्लबला लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत द्यायची; तरी पैसे आले नाहीत तर खेळाडू योग्य कारणानं करार मोडू शकतो. पण हे सिद्ध करायला पगार बँकेत आलेला हवा आणि कराराची सही-शिक्क्याची प्रत आपल्याकडे हवी. रोख हातात घेणाऱ्याकडे दाखवायला काही राहत नाही.

नोकरीच्या बाजूला भरवसा मोठा आहे, पण तोही डोळे उघडे ठेवून बघावा. जुन्या पेन्शनची गोष्ट घरातली वडीलधारी मंडळी अजून करतात. केंद्राच्या नोकरीत १ जानेवारी २००४ पासून आणि राज्याच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना ती नाही, सैन्यदलाचा अपवाद. सैन्यातही २०२२ पासून अग्निवीर योजना आली आहे. चार वर्षांची सेवा, आणि त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम करतात. राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. जालना, हिंगोली आणि संभाजीनगरला राज्य राखीव दलाचे गट आहेत, त्यामुळे पोलीस भरतीचा रस्ता आपल्या पोरांना घराजवळचा आहे. मात्र वर्दी मिळाली म्हणजे रोज मैदान मिळेलच असं नाही. बंदोबस्त लागला की सराव जातो.

आणखी एक फरक विचारून घ्यायचा. खात्याचा संघ म्हणजे प्रत्येक वेळी खात्याची नोकरी नव्हे. काही ठिकाणी खेळाडूला वर्षाच्या मानधनावर घेतात. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी हे दोन संघ क्लब परवान्याच्या अटींमुळे आय-लीगबाहेर गेले. असं घडतं तेव्हा कायम कर्मचारी दुसऱ्या दिवशी कचेरीत जातो, मानधनावरचा पुन्हा ट्रायलच्या रांगेत उभा राहतो. मानधनाची जागा ही फिरत्या करारातच धरावी, नोकरीत नाही.

फिरण्यानं काय मिळतं

आपण मुरमाच्या मैदानावर वाढलेले कीपर. कोपर आणि कंबर सोलून घेत डाइव्ह शिकतो, महागाचे ग्लोव्हज महिन्यात घासून जातात, चेंडूची उसळी वेडीवाकडी असल्यामुळे हात जलद होतात. हे आपलं भांडवल आहे. उणीव आहे ती ओल्या चेंडूची. मराठवाड्यात पाऊस बेताचा, सामने बहुतेक कोरड्यात. कोलकात्याची लीग भर पावसाळ्यात चालते. तिथं चेंडू गवतावरून घसरत येतो आणि छातीशी धरलेला निसटतो. मुंबईच्या कूपरेजवर कृत्रिम गवत, तिथं उसळी आणखी निराळी. हे घरबसल्या शिकता येत नाही. (बादलीत चेंडू भिजवून सराव करता येतो आणि करावाच, पण २०१६ ला ज्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं एप्रिलमध्ये पोरांना तसं सांगायला जीभ रेटत नाही.)

सुब्रत पालची कारकीर्द याच दृष्टीनं बघावी. मोहन बागान, ईस्ट बंगाल, पुणे एफसी, प्रयाग युनायटेड, डेन्मार्कचा वेस्टशेलँड, मुंबई सिटी, साळगावकर, नॉर्थईस्ट युनायटेड, डीएसके शिवाजियन्स, जमशेदपूर, हैदराबाद. २०११ च्या आशियाई चषकात देशाच्या गोलात तोच उभा होता, आणि २०२३ मध्ये तो निवृत्त झाला. इतके क्लब बदलूनही तो टिकला, कारण बहुतेक ठिकाणी तो पहिल्या नंबरचा कीपर म्हणून गेला.

खात्यातून वर गेलेला थोर कीपर बघायचा तर पीटर थंगराज. जन्म हैदराबादचा, घडला मद्रास रेजिमेंटल सेंटरमध्ये आणि सेनादलाच्या संघात. १९५८ मध्ये आशियातला सर्वोत्तम गोलकीपर ठरला, १९६२ च्या आशियाई सुवर्णपदकाच्या संघात होता. सैन्य सोडल्यावर कोलकात्याच्या मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडन स्पोर्टिंग या तिन्ही बड्या क्लबांकडून खेळला. आधी खातं, मग क्लब, हा उलटा क्रम त्याला साधला. आज तो अवघड आहे, कारण खात्याची परवानगी मिळवून क्लबकडून खेळणं प्रत्येक साहेबाच्या मर्जीवर असतं.

घराच्या बाबतीत फार लिहीत नाही. सचखंड एक्सप्रेसनं नांदेडहून पंजाबकडे निघालेला मुलगा दिवाळीला येईलच असं नाही, कारण तेव्हा हंगाम ऐन भरात असतो. आईला हे आधी सांगून जावं.

मी काय निवडेन

वय २१ किंवा कमी, आणि क्लब पहिल्या नंबरची जागा देतोय: करार घे. तिसऱ्या नंबरची देतोय: नको, जिल्ह्यात खेळत राहा. वय २३ आणि हातात कायम नोकरीची निवड, शिवाय त्या संघातला कीपर तिशी ओलांडलेला: नोकरी घे, मनात किंतू ठेवू नकोस. वय २४ आणि सामने कमी, प्रमाणपत्रंही कमी: हा सगळ्यात अवघड माणूस, आणि त्याला मी क्लबचा मोह सोडून वर्षभर फक्त राज्याच्या संघामागे लागायला सांगेन. घरी शेती पोटापुरती आणि बहिणीचं लग्न डोक्यावर असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून पहिली पक्की नोकरी घ्यावी. त्यात खेळाचा अपमान नाही.

दोन्ही रस्त्यांवर गुडघा आणि खांदा जाऊ शकतो. खात्यात उपचार होतात आणि खुर्ची राहते. क्लबमध्ये जायचं तर शस्त्रक्रियेचा आणि त्या काळातल्या पगाराचा उल्लेख करारात आहे का, तेवढी ओळ शोधून वाच. नसेल तर घालून घे. पहिल्या नंबरच्या कीपरचं ऐकतात.

आणि कुठलाही रस्ता धरलास तरी या महिन्यात एक काम उरक. शालेय, विद्यापीठ आणि राज्य स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रं गोळा कर, नावाचं स्पेलिंग दहावीच्या सनदेशी जुळतंय का बघ, आणि छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरच्या विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात पडताळणीला टाक. राज्याच्या भरतीला पडताळणीचा अहवाल लागतो, आणि जाहिरात निघाल्यावर धावाधाव करणाऱ्यांची तिथं गर्दी असते.