टॅक्स सॉफ्टवेअरचा अनुभव: विथहोल्डिंगमध्ये (आधीच कापलेल्या टॅक्समध्ये) १४ हजार डॉलर जास्त कुठून आले?

५ पैकी ३ स्टार. २०२४ चा अमेरिकेचा टॅक्स रिटर्न आम्ही या सॉफ्टवेअरवर भरला, ऑनलाइनवालं, पैसे भरून घेतलेलं व्हर्जन. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला भांडण काढायचं नाहीये, पण ज्यांच्याकडे एकापेक्षा जास्त डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स लिहून कंपनी देते तो फॉर्म) येतात त्यांनी हे नक्की वाचा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, नवऱ्याचं ऑफिस न्यूयॉर्कला. त्याने वर्षाच्या मध्यात जॉब बदलला त्यामुळे त्याच्या दोन कंपन्यांचे डब्ल्यू-२, माझा एक, आणि बँकेचा एक १०९९-इंट (व्याजाचा फॉर्म), बस एवढंच, जॉइंट रिटर्न. पीडीएफ अपलोड केल्या की सगळे बॉक्स आपोआप भरले जातात आणि ही सोय खरंच छान आहे, एकेक आकडा टाइप करायचा त्रास वाचतो.

सगळं भरून झालं आणि सॉफ्टवेअर म्हणालं ६३४ डॉलर भरा. आता खरं सांगते, हा आकडा बघून कोणालाच शंका आली नसती. जॉब बदलला की थोडंफार इकडेतिकडे होतं असं समजून आम्ही भरून मोकळे झालो असतो. पण मी दरवर्षी डब्ल्यू-२ च्या बॉक्स २ ची (कापलेला फेडरल म्हणजे केंद्राचा इन्कम टॅक्स) बेरीज आधी कागदावर करून ठेवते. नवऱ्याचे १२,४८० आणि १४,२१०, माझे ५,३५०, एकूण ३२,०४०. सॉफ्टवेअरच्या समरीत विथहोल्डिंग होतं ४६,३५८. म्हणजे १४,३१८ डॉलर जास्त, आणि तरीही वर पैसे भरा म्हणतंय! कापलेला टॅक्स जास्त दिसतोय तर रिफंड वाढायला पाहिजे ना?

त्या समरीत एकच आकडा असतो, त्यावर क्लिक करून तो कुठून आला ते दिसत नाही. चॅटवर विचारलं तर सपोर्टवाली बाई अगदी प्रेमाने बोलली, पण म्हणाली की बॉक्स ४ आणि ६ पण त्यात धरले असतील. हे चुकीचं आहे. बॉक्स ४ सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शनसाठी) आणि बॉक्स ६ मेडिकेअर (म्हातारपणीच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी), ते इन्कम टॅक्सच्या विथहोल्डिंगमध्ये असे सरळ मिळवत नाहीत. तरी मी तीही बेरीज करून पाहिली, जुळली नाहीच.

शेवटी प्रिंटच्या मेनूत १०४० चा, म्हणजे मुख्य रिटर्न फॉर्मचा प्रिव्ह्यू सापडला (तोही सॉफ्टवेअरचे पैसे भरल्यावरच उघडतो). तिथे २५ नंबरची ओळ बघायची. २५ए म्हणजे डब्ल्यू-२ मधलं विथहोल्डिंग, २५बी म्हणजे १०९९ मधलं, २५सी म्हणजे बाकीचं, उदा. एका कंपनीचा पगार २ लाखांच्या वर गेला की जो जादाचा ०.९ टक्के मेडिकेअर कापतात तो फॉर्म ८९५९ वरून इथे येतो. आमच्याकडे २५सी रिकामी, २५बी मध्ये १०८, आणि २५ए मध्ये ४६,२५०. त्यातून माझ्या बेरजेचे ३२,०४० वजा केले तर उरले १४,२१०. हा आकडा तर ओळखीचा! नवऱ्याच्या नव्या कंपनीचा बॉक्स २, तो दोनदा धरला गेला होता.

कारण असं की त्या कंपनीचा डब्ल्यू-२ दोन पानांचा होता. खाली राज्याच्या टॅक्सच्या १५ ते १७ बॉक्समध्ये एका पानावर न्यूयॉर्क, दुसऱ्यावर न्यू जर्सी, पण वरचे फेडरलचे बॉक्स दोन्ही पानांवर तेच छापलेले. सॉफ्टवेअरने ते दोन वेगळे डब्ल्यू-२ समजून घेतले. मग नुसतं विथहोल्डिंग नाही, बॉक्स १ चा ८८,००० पगारसुद्धा दोनदा आला, त्याच्यावर टॅक्स वाढला, आणि दोन्ही बाजूंनी फुगल्यामुळे शेवटचा आकडा साधासुधा दिसत राहिला. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली. एकच एम्प्लॉयर नंबर, एकच रक्कम, दोनदा, आणि साधी वॉर्निंगसुद्धा नाही. यासाठी मी पूर्ण एक स्टार कापलाय.

दुरुस्ती सोपी आहे. दुसरा डब्ल्यू-२ डिलीट करायचा आणि पहिल्याच्याच आत दुसऱ्या राज्याची ओळ ॲड करायची. न्यू जर्सीचा बॉक्स १६ (राज्याच्या हिशोबाचा पगार) बॉक्स १ पेक्षा जास्त दिसू शकतो, हेल्थ इन्शुरन्सचे कापलेले पैसे ते राज्य वजा धरत नाही म्हणून, तिथे हात लावू नका.

राहिले ते १०८. बँकेच्या १०९९-इंटचा बॉक्स ४. लग्नानंतर मी बँकेत आडनाव बदललं पण सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात बदलायचं राहिलं, नाव आणि सोशल सिक्युरिटी नंबर जुळेना म्हणून बँकेने ४५० डॉलर व्याजावर २४ टक्के बॅकअप विथहोल्डिंग कापलं. माझ्या कागदावर ते नव्हतंच, म्हणजे इथे सॉफ्टवेअर बरोबर होतं आणि माझी बेरीज अर्धवट. आडनावाचं काम त्याच आठवड्यात करून टाकलं.

आता कौतुक. सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के कापतात, पण २०२४ ला ती १,६८,६०० डॉलर पगारापर्यंतच, म्हणजे माणशी जास्तीत जास्त १०,४५३.२०. नवऱ्याच्या दोन कंपन्यांनी आपापल्या परीने ५,७०४ आणि ६,०७६ कापले, कारण एकीला दुसरीचं माहीत नसतं. जास्तीचे १,३२६.८० सॉफ्टवेअरने न विचारता शोधले आणि टॅक्समधून वळते करायला शेड्यूल ३ वर (१०४० ची पुरवणी) टाकले (दुपटीमुळे आधी तिथे ७,४०३ दिसत होते, ते आपोआप सुधारलं). माझे बॉक्स ४ त्याच्यात मिसळले नाहीत तेही बरोबर, ही मर्यादा नवरा-बायकोची वेगवेगळी मोजतात. पण एकाच कंपनीने जास्त कापलं असेल तर हे क्रेडिट मिळत नाही, ते पैसे त्या कंपनीकडूनच परत मागावे लागतात.

आणखी एक, शेवटच्या पे-स्टबशी (पगाराच्या पावतीशी) डब्ल्यू-२ जुळत नाही म्हणून सॉफ्टवेअरमध्ये आकडा बदलू नका प्लीज. डिसेंबरच्या कामाचा चेक जानेवारीत मिळाला तर तो पुढच्या वर्षात जातो, ४०१के मुळे (रिटायरमेंटसाठी पगारातून बाजूला काढलेले पैसे) बॉक्स १ कमी दिसतो. खरंच चूक असेल तर कंपनीच्या पेरोलकडून डब्ल्यू-२सी (दुरुस्त केलेला डब्ल्यू-२) मागून घ्या, कारण आयआरएस (केंद्राचं टॅक्स खातं) कंपनीने पाठवलेल्या आकड्यांशीच पडताळून बघतं.

सगळं नीट केल्यावर ६३४ भरायच्या जागी ८५४ डॉलर रिफंड निघाला आणि ई-फाइल पहिल्याच वेळी ॲक्सेप्ट झालं. पुढच्या वर्षी हेच वापरेन बहुतेक, इम्पोर्टची सवय झालीये. पण त्या समरीच्या आकड्यावर क्लिक केलं की कुठल्या फॉर्मच्या कुठल्या बॉक्समधून किती आले एवढं दाखवा हो, आणि तेही सॉफ्टवेअरचे पैसे भरायच्या आधी. मी फीडबॅकमध्ये लिहिलंय, ज्यांना असाच अनुभव आला असेल त्यांनीही लिहा.