उन्हाळाभर मलमल वापरल्यानंतर, खऱ्या मापांसकट

आधी माझी मापं देते. उंची पाच फूट एक इंच. छाती 42 इंच, कंबर 38, हिप 46, दंडाचा घेर 14. पंचेचाळिशी ओलांडली आहे, दोन बाळंतपणं झाली आहेत. कपड्यांबद्दल बायका जे अनुभव लिहितात ते मी आवर्जून वाचते. ‘फिटिंग मस्त’, ‘अंगाला छान बसतो’ असं त्यात असतं, पण कोणत्या अंगाला ते कुणी सांगत नाही. माझ्या मापाच्या बाईला त्यातून काहीच कळत नाही. म्हणून मी आकड्यांसकट लिहिते आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी मी उन्हाळ्यासाठी नवे कपडे केले आणि पाऊस सुरू होईपर्यंत आलटून पालटून तेच वापरले. भांडुप ते सीएसएमटी लोकल, तिथून फोर्टमधल्या ऑफिसपर्यंत चालत, आणि संध्याकाळी तसंच परत. मलमलचे चार स्लीव्हलेस कुर्ते शिवून घेतले, कॅम्ब्रिकच्या, म्हणजे मलमलपेक्षा घट्ट विणीच्या सुती कापडाच्या, दोन सरळ पँट, आणि आतून घालायला गुडघ्याच्या वर येणाऱ्या होजिअरीच्या शॉर्ट्स. मलमल मला मंगळदास मार्केटमध्ये दीडशे रुपये मीटरच्या आसपास मिळालं, एका कुर्त्याला अडीच मीटर लागलं, शिलाई चारशे रुपये. म्हणजे कुर्ता पावणेआठशेच्या घरात पडला. पँट, शॉर्ट्स धरून सगळं पाच हजारांच्या आत बसलं. माझ्या मापाचा एक बरा तयार ड्रेस मॉलमध्ये अडीच-तीन हजारांना मिळतो, तोही मिळाला तर.

‘उन्हाळ्यात अंग झाका, पूर्ण बाह्या घाला’ हा सल्ला नागपूरच्या माझ्या मावसबहिणीसाठी अगदी बरोबर आहे. तिच्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, पण हवा कोरडी. घाम आला की उडून जातो, आणि सुती पूर्ण बाही, डोक्याला गुंडाळलेली ओढणी तिला झळांपासून वाचवते. मुंबईत मे महिन्यात पारा बहुतेक दिवस 33-34 अंशांवरच असतो, पण हवेत इतका दमटपणा असतो की घाम उडतच नाही. घाम उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. तो नुसता वाहत राहिला तर अंग तापलेलंच राहतं. त्यामुळे इथे कपड्याकडून एवढीच अपेक्षा धरावी की त्याने अंगाला वारा लागू द्यावा. काखेत, पाठीला, छातीखाली, मांड्यांमध्ये जिथे कापड चिकटतं तिथे ते चिकटू नये, आणि चिकटलंच तर लवकर सुटावं.

‘कॉटन घाला’ एवढं सांगून भागत नाही. कापसाचा धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या साधारण 8 टक्के धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही, म्हणून पॉलिस्टरमध्ये घाम अंगावरच साचतो हे खरं आहे. पण जाड कॉटन घाम पिऊन घेतं आणि दिवसभर सोडत नाही. जीन्ससुद्धा कॉटनचीच असते, आणि मे महिन्यात दुपारी चर्चगेटला उतरलेल्या कुठल्याही मुलीला विचारा जीन्सचं काय होतं ते. दुकानदार ज्याला ‘60-60 कॉटन’ म्हणतात ते कॅम्ब्रिक पँटसाठी उत्तम निघालं: अंगाबाहेर उभं राहतं, पारदर्शक नाही, घडी टिकते. कुर्त्याला मात्र मला ते मार्चनंतर जड वाटू लागलं असतं. घरात एक जुना कॅम्ब्रिकचा कुर्ता आहे, तो मी मधून मधून घालून पाहिला. संध्याकाळच्या गाडीत त्याची पाठ ओली ती घरी येईपर्यंत ओलीच. मलमल घाटकोपरपर्यंत खिडकीच्या वाऱ्याने वाळायचं.

रेयॉनबद्दल, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या धाग्याच्या कापडाबद्दल, थोडं सविस्तर, कारण दादरला, लोकलमध्ये, ऑनलाइन, सगळीकडे स्वस्त कुर्त्या रेयॉनच्याच असतात आणि पुष्कळ विक्रेते त्यालाही कॉटनच म्हणतात. हाताला ते कॉटनपेक्षा गार आणि मऊ लागतं, अंगावर सुळसुळीत पडतं, म्हणून बायकांना आवडतं. पण ओलं झालं की जड होतं आणि पोटाच्या, पाठीच्या वळ्यांना चिकटून बसतं. शिवाय ओलं असताना या धाग्याची ताकद बरीच कमी होते. माझी गेल्या वर्षीची रेयॉनची कुर्ती काखेतच फाटली, शिलाईवर नाही, शिलाईशेजारी. ज्यांचं अंग सडपातळ आहे, ज्या दिवसभर एसीत असतात, त्यांच्यासाठी ठीक आहे. माझ्यासारखीने रेयॉन घ्यायचंच तर किमान तीन-चार इंच सैल घ्यावं.

कापड ओळखायला एक जुना उपाय अजूनही कामाला येतो. कडेचा एक धागा काढून जाळायचा. सुती असेल तर जळक्या कागदासारखा वास येतो आणि राख बोटात भुगा होते. पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी बनतो. रेयॉनही कागदासारखंच जळतं, त्यामुळे त्याच्यासाठी धागा ओला करून ओढून बघायचा, रेयॉनचा असेल तर चटकन तुटतो. दुकानात धागा जाळू देत नाहीत, पण अर्धा मीटर आधी घेऊन घरी तपासता येतं.

आता शिवण्याबद्दल, कारण खरा फरक तिथेच पडला. कापड आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, वाळवून मगच टेलरकडे दिलं. मलमल आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर छातीवरच आवळतं. टेलरला मी माप आहे तसं घ्यायला सांगितलं. टेप लावताना आपण पोट आत ओढतो, श्वास धरतो. ते न करता, जेवल्यानंतर, सैल उभं राहून माप दिलं. त्यावर छातीला चार इंच आणि हिपला पाच इंच सैल ठेवलं. टक्स, म्हणजे फिटिंगसाठी घालतात त्या चुण्या, काढून टाकले. मुंढा (काखेची गोलाई) नेहमीपेक्षा अर्धा इंच खोल, पण पट्टी अशी की हात वर करून गाडीची कडी धरली तरी आतलं काही दिसू नये. दोन्ही बाजूंना शिवणीच्या आत इंचभर माया (जास्तीचं कापड) ठेवली, आणि दोन्ही बाजूंना खिसे, ज्यात पास आणि मोबाइल मावेल. मास्तर म्हणाले, “मॅडम, एवढं सैल जाड दिसेल.” मी म्हटलं, “मास्तर, मला उकडायला नकोय. तेवढं जमवा.” त्यांनी जमवलं, आणि नंतर स्वतःहून खांद्याला उतार देऊन कुर्ता असा बेतला की तो गोणपाटासारखा लटकत नाही. चांगला टेलर सांभाळून ठेवावा.

तयार कपड्यांत हे होत नाही. एका मोठ्या दुकानात याच उन्हाळ्यात मी एक्सएल घालून पाहिला तो दंडातच अडकला, शेजारच्या ब्रँडचा एल खांद्यावरून उतरत होता, आणि विकणाऱ्या मुलीने दुरूनच सांगितलं, “तुमच्या साइझचं वर तिसऱ्या मजल्यावर.” तिसऱ्या मजल्यावर गडद रंगाच्या, मोठ्या फुलांच्या चार कुर्त्या होत्या. मला त्या मुलीचा राग नाही. आपल्याकडे मापांची नीट पद्धतच नव्हती, परदेशी तक्ते घेऊन त्यावर कपडे बेतले जातात आणि आपल्या बायकांची अंगं त्या तक्त्यात बसत नाहीत. निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने ‘इंडियासाइझ’ नावाची मोजणी हाती घेतली ती याचसाठी: 15 ते 65 वयाच्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांची मापं स्कॅनरने घ्यायची, आणि त्यासाठी निवडलेल्या सहा शहरांत मुंबईही होती. ती मापं दुकानातल्या रॅकवर उतरेपर्यंत टेपवरच विश्वास ठेवलेला बरा. ‘फ्री साइझ’ लिहिलेलं तर मी हातात घेणंच सोडलं आहे.

स्लीव्हलेसबद्दल लोक बोलले. पहिल्याच आठवड्यात आमच्या डब्यातली रोजची मैत्रीण म्हणाली, “अगं, दंड केवढे दिसतायत. निदान कोपरापर्यंत तरी बाही लावायचीस.” तिच्या मनात वाईट काही नव्हतं, तिला तिच्या आईने हेच सांगितलंय, मला माझ्या आईने. मी म्हटलं, “बाही लावली तरी ते तेवढेच राहणार गं.” ती हसली नाही, विचारात पडली. माझे दंड मला अचानक आवडू लागले असं मी म्हणणार नाही. आरशात अजूनही माझी नजर आधी तिथेच जाते. पण दरवर्षी एप्रिलमध्ये काखेपासून कोपरापर्यंत उठणारं घामोळं या वर्षी उठलं नाही, आणि रात्री दंड खाजवत जागणं गेलं. माझ्यासाठी तो हिशोब तिथेच मिटला. स्वतःच्या अंगावर प्रेम करा असं आजकाल सारखं सांगितलं जातं. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. पण ते जमेपर्यंत त्या अंगाला उकडत ठेवणं अन्यायाचं आहे, एवढं मला मनापासून वाटतं. मे महिन्यात त्याच मैत्रिणीने टेलरचा पत्ता मागितला. तिने छोट्या बाह्या लावून घेतल्या, आणि त्याही छान दिसतात.

मांड्यांविषयी कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. माझ्या मांड्या एकमेकींना घासतात, अनेकींच्या घासतात. कुर्ता आणि पातळ पँटमध्ये फोर्टपर्यंत चाललं की आतून सालटं निघतं. होजिअरीच्या शॉर्ट्सनी हे पूर्ण थांबलं. घेताना दोन गोष्टी बघा: मांडीला आतल्या बाजूने शिलाई नसावी, आणि खालचं इलास्टिक रुतत नसावं. रुतलं तर शॉर्ट्स गुंडाळत वर जाते आणि उपयोग शून्य. दादर पश्चिमेला होजिअरीच्या दुकानात दोनशेच्या आसपास मिळतात. शॉर्ट्स नसेल त्या दिवशी थोडं व्हॅसलीन. आणि जांघेत किंवा छातीखाली खाजरी, कडेने लाल, गोल पसरणारा चट्टा उठला तर ते घामोळं नाही, नायटा असू शकतो. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका. चार दिवस बरं वाटतं आणि मग ते पसरतं, चिवट होतं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, लाजू नका.

साडीच्या दिवसांसाठी मी बारीक दिसायचं म्हणून विकला जाणारा तंग, पॉलिस्टरचा साडी शेपवेअरही वापरून पाहिला. लग्नाच्या एसी हॉलमध्ये दोन तास ठीक. एप्रिलमध्ये लोकलने जायचं असेल तर अजिबात नाही. पुन्हा सुती परकराकडे आले, पण नाडी बदलली: बोटभर रुंद पट्टी, आणि गाठ रोज वेगळ्या जागी, सैल. त्यामागे कारण आहे. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी 2024 मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्क स्त्रियांची नोंद छापली. वर्षानुवर्षं कमरेला तंग बांधून त्वचेला झालेली जखम भरली नाही आणि तिथे कर्करोग झाला. एकीची परकराची नाडी होती, दुसरी लुगडं थेट कमरेला बांधायची. मुंबईचे डॉ. खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी 1945 मध्येच धोतर बांधण्याच्या जागी होणाऱ्या अशा कर्करोगाविषयी लिहिलं होतं. हे फार क्वचित होतं, घाबरायचं कारण नाही. पण कमरेवरचा तो काळा पट्टा आपल्या आया-मावश्यांच्या अंगावर आपण सगळ्यांनी पाहिलाय. आता आईच्या परकरांनाही मी रुंद पट्ट्या लावून दिल्या.

इतक्या महिन्यांनंतर टिकलं काय? लाल बगरू छाप्याच्या (राजस्थानातल्या बगरूच्या ठशांच्या) कुर्त्याचा रंग पहिल्या काही धुण्यांत जातच राहिला, वेगळा धुवावा लागला. निळ्याने फारसा त्रास दिला नाही. फिक्या कुर्त्याला काखेत पिवळे डाग पडले. अॅल्युमिनियमच्या डिओने आणि घामाने ते पडतात, डिओ वाळल्यावर कुर्ता घातला की कमी पडतात. एका कुर्त्याचं कापड मुंढ्याशी विरळ व्हायला लागलंय, तिथे आतून तुकडा लावून घेतला. मलमल दोन उन्हाळे जाईल, तीन जाणार नाही. इस्त्री लागते; ज्यांना सकाळी पाच मिनिटंही नसतात त्यांनी हे धरून चालावं. फिक्या रंगाच्या आतून पांढरी नाही, त्वचेच्या रंगाची ब्रा घातली तर दिसत नाही आणि अस्तर लावावं लागत नाही. अस्तर लावलंत तर मलमलचा सगळा फायदा गेला.

ऑक्टोबरच्या उकाड्यासाठी आणखी दोन कुर्ते शिवायला टाकणार आहे, या वेळी काखेत आधीपासूनच चौकोनी तुकडा घालून, आणि लांबी गुडघ्याच्या दोन इंच वर, म्हणजे जिना चढताना पायात येणार नाही. तुम्ही मंगळदासला जाणार असाल तर रविवारी ते बंद असतं. कापड घेताना पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, विचारून घ्या: 44 इंची पन्न्याला माझ्या मापात अडीच मीटर पुरतं, 36 इंची असेल तर तीन मीटर घ्या, नाहीतर मास्तर घेर कापतात.