चाचण्यांचे वर्गीकरण: फोल्डर की मार्कर?

पायटेस्ट या पायथन कोड तपासण्याच्या साधनातील चाचण्यांचे गट कसे पाडावेत, याबाबत हिंजवडीतील एका टीमचे एकमत होत नाही. फोल्डरना वेगळी तयारी लागत नाही आणि नवख्यालाही रचना लगेच कळते. मात्र जी चाचणी संथही आहे आणि डेटाबेसही वापरते, ती कुठे ठेवावी हा वाद उरतोच. मार्कर म्हणजे चाचणीला लावलेली नावाची खूण; असे मार्कर एकाच चाचणीवर अनेक लावता येतात आणि ‘डेटाबेसच्या, पण संथ नसलेल्या’ अशी निवडही करता येते. धोका स्पेलिंगच्या चुकीचा आहे, कारण सेटिंगमध्ये नोंद नसलेल्या मार्करबद्दल पायटेस्ट एरवी केवळ इशारा देते आणि चाचणी गटातून निसटते. स्ट्रिक्ट मार्कर्स हा पर्याय सुरू केल्यास मात्र थेट एरर येतो (तो सुरू न करता मार्कर वापरूच नयेत). युनिट (एकेक भाग सुटा तपासणाऱ्या) आणि इंटिग्रेशन (भाग एकत्र तपासणाऱ्या) चाचण्या एवढाच भेद असल्यास फोल्डर पुरेत. प्रत्येक कमिटला (कोडमधील बदल नोंदवताना) जलद आणि रात्री सगळ्या चाचण्या चालवणाऱ्यांनी मार्कर निवडावेत.