पाटीवरचा नोंदणी क्रमांक म्हणजे ठेवीची हमी नव्हे

नाशिकरोडला सरकारी नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले असोत की ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यातून, पतसंस्थेत ठेव ठेवायला आलेल्यांना एक वाक्य हमखास ऐकवलं जातं: "काका, सहकार खात्याचं लक्ष आहे, दरवर्षी ऑडिट होतं." कागदावर दोन्ही खरं आहे, म्हणून तर माणूस गळाला लागतो.

लक्ष ठेवणार कोण, तर तालुक्याचा उपनिबंधक किंवा सहायक निबंधक. त्याच्याच टेबलावर हाउसिंग सोसायट्यांची भांडणं, विकास सोसायट्या, सावकारी परवाने, निवडणुकांची कामं. कर्जमाफी आली की तिच्या याद्या. हाताखाली मोजकी माणसं, त्यातही रिक्त पदं. पोटनियम, कोरम, इतिवृत्त यांत ही मंडळी पक्की. कर्जखात्याचा उतारा बघून आतली गोम ओळखणं हे मात्र बँकिंगचं काम, आणि ते येणारा माणूस त्या कचेरीत सापडेलच असं नाही.

ऑडिटर शासनाच्या नामतालिकेतला, म्हणजे मान्य यादीतलाच असतो, पण नेमते संस्थेची सर्वसाधारण सभा आणि फी देते संस्था. पुढचं काय सांगावं!

खरा खेळ मार्चअखेर होतो. थकलेल्या कर्जदाराच्या किंवा त्याच्या भावाच्या नावावर नवं कर्ज टाकायचं, त्यातूनच जुनं खातं बंद करायचं. याला 'नवं-जुनं' म्हणतात. रोकड हलत नाही, फक्त ट्रान्सफर व्हाउचर फाटतं. थकबाकी गायब, एनपीएची, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी नफ्यातून बाजूला ठेवायची तरतूद वाचली, आणि न आलेलं व्याज 'येणे व्याज' म्हणून नफ्यात. लाभांश वाटला जातो, ऑडिटचा 'अ' वर्ग काचेवर चिकटतो. पकडायचं तर मार्चच्या शेवटच्या आठवड्याची डेबुक (रोजच्या व्यवहारांची वही) घेऊन नव्या कर्जाचा पैसा कुठल्या खात्यात गेला ते जुळवावं लागतं. तपासणीला आलेला अधिकारी बहुधा संस्थेनेच काढून दिलेली प्रिंट बघतो; मागच्या तारखेची एन्ट्री तिच्यात दिसत नाही.

ठेवीदाराने काय बघावं? आधी, आपल्याला 'नाममात्र सभासद' केलंय का. तसं असेल तर सभेत मत नाही. बँकेच्या ठेवीला मिळणारं ५ लाखांपर्यंतचं विमा संरक्षण पतसंस्थेला लागू नाही. वार्षिक अहवालात येणे व्याज नफ्यापेक्षा मोठं दिसलं तर सावध व्हा. लेखापरीक्षण अहवाल आणि दोषदुरुस्ती अहवाल (ऑडिटमधल्या दोषांवर संस्थेने काय केलं ते) निबंधक कार्यालयाकडे माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट पुरतं. संस्था मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणारी असेल तर तिचा निबंधक दिल्लीत, इथली कचेरी हात वर करते.

पैसे अडकल्यावर सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी, मग ८८ खाली जबाबदारी निश्चिती, यात वर्षं जातात. म्हणून सोबतच आर्थिक गुन्हे शाखेत १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली, म्हणजे एमपीआयडीखाली, तक्रार द्या.

मुदत संपली की काउंटरवर म्हणतात, "पावतीमागे सही करून ठेवा, सोमवारी या." सही करू नका. 'रक्कम मिळाली' असं लिहिलेली सहीची पावती त्यांच्याकडे गेली की कागदोपत्री तुमची ठेव चुकती झाली. खात्यात पैसे जमा झाल्याशिवाय मूळ पावती सोडू नका, आणि दोन्ही बाजूंची झेरॉक्स घरी ठेवा.