क्रूझसाठी तयार दुरुस्ती किट: घ्यावं का?

किट घ्यायला हरकत नाही, पण त्यातलं निम्मं सामान बोटीवर बिनकामाचं ठरतं. खरा हुकमी एक्का म्हणजे डक्ट टेप. अख्खं रीळ नको, जुन्या प्लास्टिक कार्डावर दोन मीटर गुंडाळा. फाटलेली बॅग त्यावर प्रवासभर निभावते. केबिनच्या भिंतीला मात्र टेप लावू नका, चिकटा राहतो. भिंती बहुधा पोलादी असतात, तिथे चुंबकी हुक झकास.

सुपर ग्लू 1 ग्रॅमच्या ट्यूबमध्येच घ्या. मोठी ट्यूब उघडल्यावर दमट हवेने आतच घट्ट होते. त्याची वाफ चष्म्याच्या काचेवर पांढरट थर धरते, म्हणून फ्रेमसाठी बारीक स्क्रूड्रायव्हर आणि सुटे स्क्रू हवेत. उकललेल्या चपलेलाही तो नको: जोड कडक होतो आणि पाऊल वाकताच तडकतो. तिथे लवचीक शू ग्लू लागतो. आधी गोड्या पाण्याने मीठ-वाळू धुवा, पूर्ण सुकवा, पातळ थर द्या आणि रात्रभर वजनाखाली ठेवा.

सुईदोरा, चार सेफ्टी पिना, पाच-सहा केबल टाय पुरे. 4 इंचांहून लांब पात्याची कात्री आणि सर्ज प्रोटेक्टरचा (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा) एक्स्टेन्शन बोर्ड अनेक क्रूझ कंपन्या बोटीवर चढतानाच काढून घेतात.